शाळेत लैंगिक शिक्षण सक्तीचं करावं का? नागपूरच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

पालकसभेत सगळे शाळेची फी आणि व्हॅनवाल्यांच्या वेळांबद्दल बोलतात. हा विषय निघतो तो सभा संपल्यावर, फाटकाबाहेर, आवाज खाली आणून. खालचे प्रश्न तिथलेच आहेत. काही शिक्षकांनी विचारले, एक-दोन आजोबांनीही. माझं मत आधीच सांगून ठेवतो: सक्ती हवी. ती कोणावर, हे मात्र बहुतेक जण विचारतच नाहीत, म्हणून उत्तरं जरा लांबली आहेत.

लैंगिक शिक्षण म्हणजे वर्गात नेमकं काय शिकवणार?

नाव ऐकलं की अनेकांना वाटतं, संभोग कसा करायचा याचा तास असणार. तसा तास कुठेच नसतो. वयात येताना शरीर कसं बदलतं, पाळी म्हणजे काय, रात्री झोपेत वीर्य जातं ते का, स्वच्छता कशी ठेवायची, नको तिथे कोणी हात लावला तर काय करायचं, 'नाही' कसं म्हणायचं आणि समोरच्याचं 'नाही' कसं ऐकायचं, कोणाचा फोटो कुठे पाठवायचा नाही, लग्नाचं कायदेशीर वय काय, हे बहुतेक सगळं. गर्भधारणा, गर्भनिरोधन, एचआयव्ही हे वरच्या वर्गांत येतं. विरोध करणाऱ्या पालकांपुढे ही यादी ठेवली, तर निम्म्यांचा विरोध तिथेच मावळतो. उरलेल्या निम्म्यांचे प्रश्न खरे असतात, ते पुढे घेतले आहेत.

सध्या महाराष्ट्रात हे सक्तीचं आहे का?

स्वतंत्र विषय म्हणून नाही. तुकडे मात्र बरेच आहेत. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याखालच्या २०२० च्या नियमांनी केंद्र आणि राज्य सरकारांवर जबाबदारी टाकली आहे, की मुलांसाठी वयानुरूप अभ्याससाहित्य तयार करायचं आणि त्यात सुरक्षितता, तक्रार कुठे करायची, स्त्री-पुरुष समानता हे सगळं घ्यायचं. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात ११ विषय आहेत. प्रजनन आरोग्य आणि एचआयव्ही प्रतिबंध त्यातलाच एक. त्यासाठी प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक 'आरोग्यदूत' म्हणून तयार करायचे आहेत. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळाशाळांत सखी सावित्री समिती नेमायचा राज्याचा आदेश २०२२ चा.

म्हणजे कागदांची वाण नाही. तुमच्या मुलीच्या वर्गात तास होतो की नाही, हे मात्र मुख्याध्यापकांच्या मनावर आहे. धरमपेठेतल्या एका शाळेत वर्षाला चार सत्रं होतील आणि हिंगण्याच्या दुसऱ्या शाळेत एकही नाही. दोन्ही शाळा नियमात बसतात. माझी तक्रार नेमकी यावर आहे.

दहावीच्या पुस्तकात धडा आहेच की. वेगळं कशाला?

आहे, आणि चांगला आहे. राज्य मंडळाच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मध्ये 'सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २' हा धडा मानवी प्रजननसंस्था, ऋतुचक्र, संप्रेरकं, टेस्ट ट्यूब बेबी, सरोगसीपर्यंत जातो. शिकवला नीट तर पुष्कळ काही होईल.

अडचण वयाची आहे. मुलींना पाळी येते सहावी-सातवीत, काहींना चौथी-पाचवीतच. मुलांचा आवाज फुटतो सातवी-आठवीत. धडा येतो दहावीत. पाळी येऊन चार वर्षं झालेल्या मुलीला ऋतुचक्राची आकृती दाखवून आपण म्हणतो, बघ, हे असं असतं.

दुसरी अडचण धडा शिकवण्याची. 'हा धडा घरी वाचून या, यावर आकृती येते' हे वाक्य नागपुरात ऐकलं नाही असा दहावीचा विद्यार्थी शोधावा लागेल. आकृती काढा, भागांना नावं द्या, गुण घ्या. प्रश्न विचारायला जागाच नाही. हाताने नकाशा काढता येतो आणि गावाला जाता येत नाही, असला हा प्रकार.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अल्पवयीन मुलाच्या प्रकरणात हेच म्हटलं: लैंगिक शिक्षण नववीपासून नव्हे, त्याआधी लहान वयापासून द्यायला हवं.

महाराष्ट्रात यावर बंदी आली होती ना?

आली होती, २००७ मध्ये. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेसोबत किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला होता. त्याचे तक्ते आणि शिक्षकांसाठीची पुस्तिका शाळांत आल्यावर गदारोळ झाला. चित्रं उघडीवाघडी आहेत, शिक्षकांनाच ती वर्गात धरवत नाहीत, अशी ओरड होती. महाराष्ट्रासह मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक अशा अनेक राज्यांनी कार्यक्रम थांबवला. पुढे साहित्य सुधारलं गेलं, पण लागलेला डाग गेला नाही. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने, अध्यक्ष होते व्यंकय्या नायडू, शाळेत लैंगिक शिक्षण नको असाच अहवाल दिला.

यातली एक गोष्ट लोक विसरतात. २००७ मध्ये केंद्रात काँग्रेसप्रणीत सरकार होतं आणि राज्यातही काँग्रेस-राष्ट्रवादीचंच. कार्यक्रम आणणारे आणि थांबवणारे एकाच गोटातले. उलट आज चालू असलेला शालेय आरोग्य कार्यक्रम भाजपच्या केंद्र सरकारचा आहे, आणि त्यात प्रजनन आरोग्य आहे. तेव्हा हा अमुक पक्षाचा अजेंडा, तमुक विचारसरणीचा कट, असं म्हणत बाह्या सरसावण्यात अर्थ नाही. सगळ्याच पक्षांना हा विषय अवघड वाटतो, कारण मतदार पालक असतात.

आणि विरोधकांचा एक मुद्दा तेव्हाही बरोबर होता. दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन चाळीस जणांच्या वर्गापुढे शिक्षकाला उभं करणं हा शिक्षकावरचा अन्याय होता.

हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे. आपल्या संस्कृतीत बसतं का?

खजुराहोचा दाखला मी देत नाही. देवळावरच्या शिल्पांनी सातवीतल्या मुलीचा प्रश्न सुटत नाही.

मराठीतला दाखला मात्र जवळचा आहे. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, चालवलं. संततिनियमन, गुप्तरोग, कामजीवन हे विषय साध्या मराठीत, वाचकांच्या पत्रांना उत्तरं देत. त्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर कोणी प्रश्न विचारला तर उत्तर देऊच नये का, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. खटला हरले. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात त्या शहरात तरी हे प्रकरण माहीत असायला हवं, पण फार थोड्यांना माहीत असतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालकांच्या अश्लील चित्रफितींच्या निकालात लैंगिक शिक्षण ही पाश्चात्त्य कल्पना असल्याचा समज चुकीचा ठरवला आणि झारखंडच्या 'उडान' या किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमाचं उदाहरण दिलं. रांची काही लंडनमध्ये नाही.

आमच्या वेळेस कुठे होतं हे? आमचं काही अडलं का? (एका आजोबांचा प्रश्न)

आजोबा, तुमच्या आईचं लग्न कितव्या वर्षी झालं? १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचं किमान वय ठेवलं होतं १४. ते १८ झालं १९७८ मध्ये. पूर्वी वयात येणं आणि लग्न यांत दोन-चार वर्षांचं अंतर, आणि सांगायला घरात काकू, मावशी, आत्या. आज बाराव्या वर्षी वयात आलेली मुलगी पंचविशीत लग्न करते. मधली तेरा वर्षं तिने कोणाला विचारायचं? घरात ती, आई-बाबा आणि तीन मोबाईल.

शिवाय अडलं नाही असं कसं म्हणता? ज्यांचं अडलं त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही.

पोट्ट्यांना शिकवलं की ते करून पाहतील ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. भीती समजण्यासारखी आहे.

युनेस्कोने २००९ मध्ये मार्गदर्शिका काढली आणि २०१८ मध्ये सुधारली. त्यासाठी जगभरच्या अभ्यासांचे आढावे घेतले गेले. निष्कर्ष असा, की अशा शिक्षणाने मुलं लवकर संबंध सुरू करतात असं दिसत नाही. काही ठिकाणी ती उलट उशिरा सुरू करतात, आणि जोखीम कमी घेतात. 'फक्त संयम पाळा' एवढंच सांगणारे कार्यक्रम मात्र फारसे उपयोगी पडलेले दिसले नाहीत.

एक पुस्ती जोडायला हवी. हे निष्कर्ष नीट आखलेल्या, वर्षभर चाललेल्या, प्रशिक्षित शिक्षकांनी घेतलेल्या कार्यक्रमांचे आहेत. फेब्रुवारीत एक पाहुणे डॉक्टर बोलावून सभागृहात चारशे मुलींना तासभर भाषण, शेवटी आभार आणि समोसा, याला कोणताच अभ्यास लागू पडत नाही.

कोणत्या वर्गात काय शिकवावं?

युनेस्कोची वयोगटांची पायरी ५ ते ८, ९ ते १२, १२ ते १५ आणि १५ च्या पुढे अशी आहे. आपल्या वर्गांच्या हिशेबाने मला पुढची वाटणी सोयीची वाटते.

पहिली ते तिसरीत अवयवांची खरी नावं, कोणता अवयव खासगी, आणि घाबरवणारं गुपित कधीच पोटात ठेवायचं नाही. खरी नावं अशासाठी, की 'शूशूच्या जागी दुखतंय' यातून डॉक्टरला, पोलिसाला किंवा न्यायालयाला नेमकं काही कळत नाही.

चौथी-पाचवीत पाळीची तयारी, पहिली पाळी यायच्या आधी. यात मुलांनाही बसवावं. वर्गातल्या मुलीच्या गणवेशावर डाग दिसला तर हसायचं नाही, एवढं जरी कळलं तरी त्या मुलीचं वर्ष वाचतं.

सहावी ते आठवी हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आणि सगळ्यात रिकामा. वयात येणं, आकर्षण, चिडवाचिडवी, मोबाईल, समलैंगिक असणं म्हणजे आजार नव्हे हेही. नववीपासून पुढे गर्भधारणा, गर्भनिरोधन, लैंगिक संसर्ग, संमती, कायदा.

मुलं-मुली एकत्र बसवायची की वेगवेगळी?

दोन्ही. मुख्य तास एकत्र, प्रश्नोत्तरं वेगळी. प्रश्न चिठ्ठीवर, नाव न लिहिता. ही चिठ्ठ्यांची पेटी नसेल तर एकही खरा प्रश्न येत नाही. सगळ्यांना फक्त एचआयव्ही डासाने पसरतो का एवढंच पडलेलं असतं. (नाही पसरत.)

आम्हाला आमचं मूल या तासाला बसवायचं नसेल तर? सूट मिळावी का?

मुळात सक्ती कोणावर, हा प्रश्न इथे येतो. माझ्या मते ती आधी शाळेवर हवी: तास घेतलाच पाहिजे, शिक्षक प्रशिक्षित पाहिजे, साहित्य पालकांना आधी दाखवलंच पाहिजे. गणिताच्या शिक्षकाला 'मला लाज वाटते' म्हणून भागाकार सोडता येत नाही. इथे तो सोडता येतो आणि कोणी विचारत नाही. सक्ती आणायची ती ही पळवाट बुजवायला.

मुलांच्या बाबतीत दोन भाग करता येतील. इंग्लंडने तसंच केलं आहे. तिथे सप्टेंबर २०२० पासून नातेसंबंधांचं शिक्षण सगळ्यांना सक्तीचं आहे, तर लैंगिक शिक्षणाच्या भागातून पालक मुलाला वगळण्याची विनंती करू शकतात. मूल सोळाच्या जवळ आलं की ते स्वतः ठरवू शकतं. आपल्याकडे सुरक्षितता, पाळी, कायदा या भागातून कोणालाच सूट नको. का, ते पुढच्या उत्तरात आहे. वरच्या वर्गातल्या गर्भनिरोधनाच्या तासाबद्दल पालकांना लेखी सूट मागायची मुभा ठेवली तर मला चालेल. अनुभव असा, की साहित्य आधी वाचायला मिळालं की सूट मागणारे थोडेच उरतात.

घरी आम्हीच सांगू. शाळेने कशाला नाक खुपसायचं?

सांगा ना. सांगता का, हा प्रश्न आहे. पण समजा, तुम्ही सांगता. तरी शाळा लागेल, आणि त्याचं कारण कटू आहे.

२००७ मध्येच केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत बालकांच्या छळाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र त्यात होता. ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक छळाचा कोणता ना कोणता प्रकार सोसल्याचं सांगितलं. छळ करणाऱ्यांत जवळपास निम्मे ओळखीचे किंवा मुलाचा विश्वास असलेले लोक होते. पोलिसांत नोंदल्या जाणाऱ्या पॉक्सोच्या बलात्कार गुन्ह्यांत तर दहातले नऊहून जास्त आरोपी ओळखीचे निघतात: शेजारी, नातेवाईक, मित्र, घरमालक, कधी घरातलाच माणूस.

ज्या घरात त्रास देणारा माणूस राहतो, त्या घरातल्या मुलाला 'हे चूक आहे' असं सांगणार कोण? त्याच्यासाठी शाळा ही एकच दुसरी जागा असते. 'ज्यांना हवं त्यांनी घ्यावं' ही ऐच्छिक पद्धत नेमकी त्याच मुलाला वगळते, कारण सही करणारा पालक कदाचित तोच असतो.

याच्या दुसऱ्या टोकाला शाळाही काही देऊळ नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतच लहान मुलींवर अत्याचार झाले. तेव्हा घरी सांगितलेलं कामाला येतं. दोन्ही जागा हव्यात ते म्हणूनच.

'गुड टच, बॅड टच' शिकवलं ना शाळेने. पुरे नाही का?

सुरुवात म्हणून ठीक. पण गुदगुल्यांनी सुरू झालेला स्पर्श मुलाला वाईट वाटतच नाही, आणि इंजेक्शनचा वाईट वाटतो. त्यामुळे 'कसं वाटलं' यापेक्षा 'खासगी अवयव, गुपित ठेवायला सांगणं, आणि सांगायचं कोणाला' ही तीन सूत्रं जास्त पक्की. दुसरं, हा सगळा भार मुलावर टाकतो आपण. पाच वर्षांच्या पोरीने ओळखावं, ओरडावं, पळावं, सांगावं. मोठ्यांनी काय करायचं, याचा तास कोणी घेत नाही.

नागपूर खंडपीठाचा तो 'स्किन टू स्किन' निकाल. त्याचा इथे काय संबंध?

आहे. प्रकरण आपल्याच शहरातलं, २०१६ चं. पेरू देतो म्हणून एका माणसाने बारा वर्षांच्या मुलीला घरात नेलं आणि तिच्या छातीला हात लावला. १९ जानेवारी २०२१ रोजी नागपूर खंडपीठाने म्हटलं, की कपड्यांवरून स्पर्श झाला, त्वचेला त्वचा लागली नाही, म्हणून पॉक्सोखालचा लैंगिक हल्ला होत नाही. विनयभंग आणि डांबून ठेवणं एवढीच कलमं राहिली. देशभर वादळ उठलं, सर्वोच्च न्यायालयाने आधी स्थगिती दिली आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निकाल रद्द केला. महत्त्वाचा आहे तो स्पर्शामागचा लैंगिक हेतू, कापड मध्ये होतं की नव्हतं हे नाही.

उच्च न्यायालयात यावर खल होतो, तिथे आठवीतल्या मुलीला 'कपड्यांवरून तर लावला, सांगू की नको' असा प्रश्न पडला तर नवल काय? सर्वोच्च न्यायालयाचं उत्तर तिच्यापर्यंत पोचवणं हे वर्गाचं काम. निकालपत्र ती वाचणार नाही.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींचं प्रेमप्रकरण असलं तर कायदा काय म्हणतो?

पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे आणि त्याच्या लेखी १८ खालचा प्रत्येक जण बालक. त्या वयातली 'संमती' कायदा धरत नाही. म्हणजे बारावीतली सतरा वर्षांची मुलगी आणि एकोणीस वर्षांचा मुलगा फुटाळा तलावावर भेटत असतील आणि गोष्ट पुढे गेली, तर मुलगा आरोपी होऊ शकतो, मुलगी 'तक्रार नको' असं कितीही म्हणाली तरी. हे वय खाली आणावं का, यावर वाद आहे. विधी आयोगाने २०२३ मध्ये आणू नये असं सांगितलं.

कायद्याची बाजू कोणतीही घ्या, पण तो मुलांना माहीत नसतो हे तरी मान्य करा. मुलांना फक्त आई-बाबांची भीती असते. पोलीस दारात येईपर्यंत त्यांना कायदा कळत नाही. गर्भ राहिलाच, तर सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२२ च्या निकालाप्रमाणे मुलगी आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरला पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करावं लागत नाही. हे ठाऊक नसल्याने लोक भोंदूकडे जातात.

मुलींचं समजलं. मुलग्यांना काय शिकवायचं असतं?

मुलग्यांना तर कोणीच काही सांगत नाही. मुलीला निदान आई बाथरूमच्या दारातून दोन वाक्यं बोलते. मुलाला ज्ञान मिळतं रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवरून, 'गुप्तरोग, शीघ्रपतन, खात्रीशीर इलाज' आणि खाली मोबाईल नंबर. हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, नजर जात नाही, मूल होण्यात अडचण येत नाही. झोपेत वीर्य जाणं हा आजार नाही. ही चार वाक्यं आठवीच्या वर्गात कोणी गुरुजींनी स्वच्छ आवाजात सांगितली, तर कित्येक मुलांची वर्षानुवर्षांची धास्ती जाईल आणि अनेक वैदूंची दुकानं बसतील.

बदलापूरच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयानेही मुलग्यांच्या मानसिकतेवर लहानपणापासून काम करायला हवं, यावर बोट ठेवलं होतं. मुलींनाच सावध राहा सांगायचं आणि मुलांना मैदानावर सोडायचं, ही आपल्या शाळांची जुनी खोड.

मुलग्यांवरही अत्याचार होतात. पॉक्सो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. पुढे येणारे मुलगे कमी, कारण त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं की हे आपल्यासोबतही घडू शकतं.

मोबाईलवर सगळं असतंच. मग शाळेने काय वेगळं सांगायचं?

मोबाईलवर असतं ते अभिनय केलेलं. त्यात कोणी कोणाला विचारत नाही. शाळेने हेच सांगायचं. आणि कायदाही: अठराखालच्या कोणाचंही अश्लील चित्रण पाहणं, साठवणं, पुढे पाठवणं हा गुन्हा आहे. सप्टेंबर २०२४ च्या ज्या निकालाचा वर उल्लेख केला, तो याच मुद्द्यावरचा. वर्गमैत्रिणीचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणारा नववीतला पोट्टा 'मजाक केली' म्हणतो, पोलीस ठाण्यात त्याला मजाक म्हणत नाहीत.

शिक्षकच लाजतात. आणि समजा, शिक्षकावरच संशय आला तर?

लाज प्रशिक्षणाने जाते, सगळी नाही, पुरेशी. हा विषय विज्ञानाच्याच शिक्षकाकडे हवा असंही नाही. मुलं ज्यांच्याशी बोलतात त्यांच्याकडे द्यावा. कितीदा ते खेळाचे सर किंवा ग्रंथालयातल्या मॅडम असतात.

संशयाचं उत्तर कडक आहे. पॉक्सोच्या १९ व्या कलमाप्रमाणे अत्याचाराची माहिती मिळालेल्या कोणीही पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दडपलं तर एक वर्षापर्यंत. 'शाळेची बदनामी होईल, आपसात मिटवू' असं मुख्याध्यापक म्हणाले, तर त्यांना हे कलम शांतपणे सांगा.

रामटेक, पारशिवनीकडच्या शाळा आणि आश्रमशाळांचं काय?

गरज तिथेच जास्त आणि तास तिथेच कमी. आश्रमशाळेत मूल घरापासून दूर वसतिगृहात राहतं, पहिली पाळी तिथेच येते, सांगायला आई नसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न १८ च्या आत झालेलं दिसलं. शहरातल्या पालकांना हा वाद विचारांचा वाटतो. तिथल्या मुलीसाठी तो नववी पूर्ण होण्याचा प्रश्न आहे. गोंडी बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या भाषेत सांगणारी ताई मिळाली तर उत्तम.

दिव्यांग मुलांना कसं शिकवायचं?

शिकवायचंच, आणि जास्त वेळ देऊन. मतिमंद मुलांना 'काय कळतंय' म्हणून सगळ्यात आधी वगळलं जातं, आणि त्रास देणाऱ्यांना ते ठाऊक असतं. कर्णबधिर मुलांना अवयवांच्या खुणा आधी शिकवाव्या लागतात, नाहीतर तक्रार सांगायला त्यांच्या हातात काही नसतं.

नागपुरात मदत कुठे मिळेल?

मूल संकटात असेल तर १०९८, चाइल्डलाइन, किंवा ११२. पोलिसांचा भरोसा सेल आणि दामिनी पथक आहे. तक्रार देताना मुलाला ठाण्यात जाण्याची गरज नाही. जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, साध्या कपड्यांत घ्यायचा असतो, आणि रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. हे नियम तुम्हाला माहीत आहेत असं दिसलं की वागणूक बदलते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो.

वयात येण्याच्या साध्या शंकांसाठी शासकीय रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक असतं. पाळीच्या तक्रारींना डागा स्त्री रुग्णालय, बाकी त्वचा-गुप्तरोग किंवा मानसोपचाराला मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं. भिंतीवरच्या नंबरला फोन करू नका.

पुढच्या पालकसभेत मी नेमकं काय विचारू?

शाळेत आरोग्यदूत शिक्षक कोण, त्यांचं प्रशिक्षण झालं का. सखी सावित्री समितीत पालक कोण आहेत आणि शेवटची बैठक कधी झाली. सहावी ते आठवीला वर्षात किती तास ठेवलेत, साहित्य कोणतं, ते आम्हाला आधी पाहायला मिळेल का. दहावीचा तो धडा वर्गात शिकवणार की घरी वाचायला सांगणार. मुलींच्या शौचालयात पॅड आणि टाकायला डबा आहे का.

आणि तारीख मागा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. दिवाळीनंतर पोर्शन, सराव परीक्षा, स्नेहसंमेलन यात कोणालाच वेळ नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये तास लागला नाही तर तो त्या वर्षी लागत नाही.